पटाचा निकाल

श्रोतेहो, क्रिकेटचा सामना मैदानावर संपला, तरी आपल्या घरांत तो संपत नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. अमक्याला आधीं पाठवावयास हवें होतें, तमक्याचा पाय दुखावला नसता तर चित्र निराळें दिसलें असतें, आणि पंचानें तो एक निर्णय उलट दिला नसता तर... या 'तर'वर रात्रीचें जेवण निवून जातें. १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंतील दरबानच्या मैदानावर सचिन तेंडुलकर याला दूरचित्रवाणीचीं चित्रें पाहून तिसऱ्या पंचानें धांवचीत ठरविलें. कसोटी सामन्यांत अशा रीतीनें बाद झालेला तो पहिलाच फलंदाज. आतां वाद मिटले, असें त्या दिवशीं पुष्कळांस वाटलें असेल. वाद मिटले नाहींत. पूर्वीं लोक पंचाशीं भांडत, आतां यंत्राशीं भांडतात, इतकेंच.

मी ज्या मुलखांत पस्तीस वर्षें शिक्षकाचें काम केलें, तेथें हा वाद क्रिकेटवरून फारसा होत नसे. बैलांवरून होत असे. वैनगंगेच्या दोहों तीरांवरचा हा प्रदेश. पूर्वीं हा सगळा एकच चांदा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा चंद्रपुराहून वेगळा झाला. परंतु ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या बाजूच्या लोकांना जिल्ह्याच्या सीमेपेक्षां 'झाडीपट्टी' हें नांवच अधिक जवळचें वाटतें. अरण्य, तलाव आणि धान या तिहींवर येथील आयुष्य उभें आहे. धान कापून खळ्यांत पडलें, कीं माणसास आणि बैलास थोडी उसंत मिळते. आणि त्या उसंतींत जो खेळ उभा राहतो, त्याचें नांव शंकरपट.

पट म्हणजे बैलांची शर्यत. गांवाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर सरळ व समांतर अशा दोन वाटा तयार करतात. हलक्या छकड्याला जुंपलेली एकेक जोडी एकेका वाटेवर उभी राहते. हांकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. इशारा झाला, कीं दोन्ही जोड्या सुटतात, आणि पाहणाऱ्यानें एकदां रोखलेला श्वास सोडण्यापूर्वींच सगळें संपतें. कांहीं ठिकाणीं एकेक जोडी स्वतंत्र पळवून घड्याळावर वेळ मोजतात. तेथें सेकंदाच्या अंशावर हार-जीत ठरते. पुणें जिल्ह्यांतील खेड-जुन्नरकडेही बैलगाड्यांच्या शर्यतीचा असाच नाद आहे. आमच्याकडचें वैशिष्ट्य असें, कीं दिवसा पट झाला, कीं रात्रीं त्याच गांवांत नाटक होतें. झाडीपट्टीच्या रंगभूमीला या पटांचा व मंडयांचा मोठा आश्रय मिळाला. वडसा हें तिचें केंद्र, आणि तिच्यांतील एक कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. नाटक पहाटेपर्यंत चालतें. एक अंक संपून दुसरा सुरू होईपर्यंत प्रेक्षक कशाविषयीं बोलतात म्हणाल, तर दुपारच्या पटाविषयीं.

तें बोलणें मीं पुष्कळ वर्षें ऐकलें. त्याचीं तीन प्रकरणें असत. पहिलें प्रकरण जोडीचें. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ बैल उंच, पांढरा व चपळ. आमच्या धानाच्या चिखलांत राबणारा काठाणी बैल लहान चणीचा, परंतु चिवट. मग उंचीनें पट जिंकतां येतो कीं दमानें, यावर तास न् तास जात. डावा बैल वेगाचा आणि उजवा धीम्या चालीचा असेल, तर ती जोडी नव्हे, तें नुसतें दोन बैल, असा जुन्या जाणत्यांचा सिद्धांत असे. त्यांतही धुरकऱ्याचें महत्त्व किती? एक म्हणे, धुरकरी केवळ कासरा धरतो. दुसरा म्हणे, बैल पळतो तो धुरकऱ्याच्या काळजानें.

दुसरें प्रकरण दुखापतीचें. गेल्या पटांत अमक्या जोडीचा उजवा बैल लंगडला होता, तो बरा झाला कीं मालकानें लपविलें? खूर चिरला होता, कीं खांदा सुजला होता? हें विचारतांना स्वर दयेचा नसे, हिशेबाचा असे, हें मात्र मला फार उशिरां उमगलें. तिसरें प्रकरण अर्थात् पंचांचें. सुटतांना एक जोडी आधीं सुटली. मध्यें चाक वाटेबाहेर गेलें. रेघेवर नाक आधीं कोणाचें पोंचलें. पंच कोणाचा व्याही. ही चर्चा आठवडी बाजारापर्यंत आणि पुढल्या वर्षींच्या पटापर्यंत पुरत असे.

शहरांतील सुशिक्षित मंडळी अशा वादाला रिकामटेंकड्यांचा उद्योग म्हणतात. शाळेंत इतिहास शिकवितांना मला दिसून आलें, कीं हा उद्योग फार प्राचीन आणि फार थोर लोकांनीं केलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील एकशेंदोनावें सूक्त पाहा. मुद्गल नांवाच्या ऋषीची पत्नी मुद्गलानी स्वतः रथ हांकते. रथाला बैल जुंपलेला आहे, आणि त्याच्या जोडीला दुसरा बैल नसून लांकडाचा ओंडका आहे. अशा विजोड जोडीनें ती शर्यत जिंकते आणि सहस्रावधि गाई मिळविते. सूक्त गूढ आहे. त्याच्या अर्थाविषयीं पंडितांत अद्याप एकमत नाहीं. म्हणजे त्या शर्यतीचा वाद हजारों वर्षांनंतरही चालूच आहे!

ऐतरेय ब्राह्मणांत याहून मार्मिक कथा आहे. प्रजापतीच्या कन्येच्या विवाहप्रसंगीं आश्विन नांवाचें शस्त्र, म्हणजे ऋचांचें पठण, कोणाच्या वांट्याला यावें यावरून देवांचें एकमत होईना. शर्यत लावून निकाल करावयाचें ठरलें. अग्नि खेंचरी जुंपून निघाला, उषा तांबड्या गाई जुंपून, इंद्र घोडे जुंपून, आणि अश्विनीकुमार गाढवें जुंपून. अश्विनीकुमार जिंकले, परंतु वाटेंत पुढें असलेल्यांनीं त्यांना वाट दिली ती कांहीं वांटा मिळावा या बोलीवर, म्हणून त्या पठणांत सर्वांचेंच स्तवन असतें. कथेचा शेवट मात्र ऐकण्यासारखा आहे. धांवतांना खेंचरींचे गर्भाशय जळाले, म्हणून त्यांना वासरूं होत नाहीं. आणि गाढवांचा वेग त्या धांवेंत कायमचा सरला, म्हणून तें सर्वांत मंद जनावर झालें. देवांनीं बक्षीस वांटून घेतलें. धांवणाऱ्यांच्या वांट्यास काय आलें, हें सांगण्याचें भान त्या जुन्या कथाकाराला होतें, एवढें लक्षांत ठेवा. मला पुढें त्याच मुद्द्याकडे यावयाचें आहे.

पश्चिमेकडील साक्ष हवी असेल, तर होमराच्या इलियड महाकाव्याचा तेविसावा सर्ग उघडावा. आपला मित्र पेट्रोक्लस याच्या अंत्यविधीनिमित्त अकिलीजनें रथांची शर्यत ठेविली. वळणावरील खुणेपाशीं वृद्ध फिनिक्स यास, घडेल तें खरें सांगण्यासाठीं, पंच म्हणून बसविलें. इकडे प्रेक्षकांत धुरळ्यांतून येणारा पहिला रथ कोणाचा यावरून आयडोमेनिअस आणि धाकटा एजॅक्स यांची जुंपली. शिव्यागाळी झाली, पैज लागण्याची वेळ आली, आणि स्वतः अकिलीजला उठून दोघांस खालीं बसवावें लागलें. दुसरीकडे युमेलस याच्या रथाचें जूं मोडलें. तो फेंकला गेला, कोंपरें सोललीं, तोंड-नाक फुटलें. तिसरीकडे अरुंद वाटेवर तरुण अँटिलोकसनें मेनेलॉसचा रथ दडपून पुढें काढला. निकालाच्या वेळीं अकिलीजला दया येऊन त्यानें जखमी युमेलसला दुसरें बक्षीस देऊं केलें. तेव्हां अँटिलोकस संतापला. युमेलसला निराळी देणगी मिळाली. मग मेनेलॉस उठला आणि म्हणाला, घोड्यांवर हात ठेवून शपथ घे, कीं तूं कपट केलें नाहींस. अँटिलोकसला शपथ घेववेना. त्यानें जिंकलेली घोडी पुढें केली. आणि त्याची नम्रता पाहून मेनेलॉसनें ती त्यालाच परत दिली. वडशाच्या नाटकाच्या मांडवांत जीं तीन प्रकरणें मीं ऐकलीं, तीं तिन्ही येथें आहेत. आणि वाद मिटला तो फिनिक्सच्या साक्षीनें नव्हे, हरलेल्या व जिंकलेल्या माणसाच्या मनांतील लाजेनें मिटला.

जेथें ती लाज नसते, तेथें काय होतें, तेंही इतिहासानें दाखविलें आहे. इसवी सन ५३२ मध्यें कॉन्स्टँटिनोपल शहरांत रथांच्या शर्यतींतले निळे आणि हिरवे असे दोन पक्ष होते. त्यांच्या अभिमान्यांच्या दंग्यांतून बंड उसळलें. शहराचा मोठा भाग जळाला, आणि सम्राट जस्टिनियनच्या सैन्यानें शर्यतीच्या मैदानांतच सुमारें ३०,००० माणसें कापलीं, असें तत्कालीन इतिहासकार लिहितो.

आतां स्वतःची गोष्ट सांगतों. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षें झालीं होतीं. मी वैनगंगेजवळच्या एका खेड्यांत नवा शिक्षक होतों. परगांवचा, म्हणून कोणाचाही व्याही नव्हे. आणि शिक्षक, म्हणून डोळ्यांनीं धड पाहणारा. एवढ्या पात्रतेवर गांवकऱ्यांनीं मला पटाच्या रेघेवर पंच म्हणून उभें केलें. मला त्याचा अभिमान वाटला, हें कबूल केलें पाहिजे.

शेवटची धांव सायंकाळीं सुटली. दोन्ही जोड्या जवळजवळ बरोबर होत्या. रेघ वीसेक पावलांवर राहिली असतां डाव्या वाटेवरच्या जोडीचा एक बैल अडखळला. त्याचा पुढला पाय वांकडा पडला, तें मीं स्पष्ट पाहिलें. धुरकऱ्यानें आमच्याकडे जिला तुतारी म्हणतात, ती आर लावलेली काठी त्याच्या पाठींत टोंचली. बैल उठला, तीन पायांवर उसळला, आणि जोडीदाराच्या ओढीनें रेघ ओलांडून गेला. त्याचें नाक दुसऱ्या जोडीच्या एक वीत पुढें होतें.

मैदानावर दोन तट पडले. एक तट म्हणे, नाक पुढें तो जिंकला. दुसरा म्हणे, जो बैल ओढत आणला, तो धांवला असें म्हणावयाचें कसें? माझ्यापुढें नियम एवढाच होता, कीं रेघ आधीं कोणी ओलांडली. मीं हात वर केला आणि डाव्या जोडीचा निकाल दिला. त्या रात्रीं नाटकांत नायकाच्या संकटापेक्षां माझ्या निकालाचीच चर्चा अधिक झाली. कोणी मला शाबासकी दिली, कोणी माझें शिक्षण काढलें. दुसऱ्या आठवडी बाजारांतही तेंच. मीही शाळेच्या फळ्यावर खडूनें रेघ काढून माझा निकाल बरोबर कसा, हें एकदोघांना समजावून दिलें.

चौथ्या दिवशीं पहाटे एक वृद्ध शेतकरी शाळेच्या ओसरीवर येऊन बसला. जिंकलेल्या जोडीचा तो मालक. त्याच्या हातांत बक्षिसाची पितळी घागर होती. मला वाटलें, आभार मानावयास आला. तो पुष्कळ वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "निकाल बराबर हाये जी, गुरुजी. पन बैलाले कोनी पुसलं नाई." बैलाचा पाय मोडला होता. दोन एकर धानाची शेती, आणि शेतावर ती एकच जोडी. आषाढांत चिखलणीच्या वेळीं त्यानें दुसऱ्याची जोडी भाड्यानें आणली. भाडें द्यावयास ती घागर विकली, असें मला मागाहून कळलें.

श्रोतेहो, माझा निकाल चुकला असता, तर मला एवढें वाईट वाटलें नसतें. निकाल बरोबर होता, हेंच शल्य होतें. मैदानावर हजार माणसें होतीं. प्रत्येकानें जोडी पारखली, धुरकरी पारखला, पंच पारखला. दुखापतीचीही चर्चा केली. पण ती बैल पुन्हां पळेल कीं नाहीं एवढ्यापुरती. जिंकण्याची किंमत धांवणाऱ्यानें किती दिली, हा चौथा प्रश्न कोणाच्याच तोंडीं आला नाहीं. पुढल्या वर्षीं मीं गांवच्या वडीलधाऱ्यांपुढें एक अट मांडली : रेघ ओलांडून जोडी दहा पावलें धड चालून दाखवील, तरच ती जिंकली. पुष्कळ कुरबूर झाली. दोन वर्षें ती अट पाळली गेली. नंतर माझी बदली झाली आणि अटही गेली.

तो चौथा प्रश्न पुढें न्यायालयांत विचारला गेला. २०११ सालच्या जुलैंत केंद्र सरकारनें, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादींत बैलाचें नांव घातलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रांतील बैलांच्या शर्यती दोन्ही बंद केल्या. बैल हा ओझें ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखी धांवण्याची त्याची शरीररचना नाहीं, हें त्या निकालांतील एक कारण होतें. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायदा दुरुस्त केला. परंतु उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं शर्यतींना मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकानें बैल तपासावा लागतो, आणि काठी-चाबूक वापरण्यास बंदी आहे.

बंदीच्या वर्षांत आमच्याकडील लोक न्यायालयावर फार रागावले. ज्यांनीं जन्मांत बैल हांकला नाहीं, त्यांनीं आमचा बैल कसा ओळखावा, असें ते म्हणत. त्या रागांत तथ्य नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. शेतकऱ्याच्या घरीं बैल पोटच्या पोरासारखा वाढतो. पोळ्याला त्याची पूजा होते. पट बंद झाला, तर खास जोपासलेल्या बैलाला गिऱ्हाईक राहत नाहीं. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं मैदानावर द्यावयाचें, तें आम्हीं दिलें नाहीं, म्हणून तो प्रश्न दिल्लीस गेला, हेंही तितकेंच खरें.

हें केवळ बैलांच्या खेळांतच घडलें असें नाहीं. अमेरिकेंत महाविद्यालयीन फुटबॉल म्हणून एक दांडगा खेळ आहे. त्याचे अभिमानी आपल्या पटशौकिनांप्रमाणेंच खेळाडू, दुखापती आणि पंच यांवर रात्रंदिवस वाद घालतात. १९०५ सालच्या एकाच हंगामांत तेथें डझनाहून अधिक तरुण मैदानावरील इजांनीं मरण पावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः त्या खेळाचे चाहते; त्यांनीं मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी केली. खेळ बंद करा, अशी मागणी जोरांत असतां १९०६ सालीं नियम बदलले. अंगावर अंग लोटण्याऐवजीं चेंडू पुढें फेंकण्यास मुभा मिळाली, आणि चेंडू फेंकणारा जो 'क्वार्टरबॅक', त्याचें आजचें महत्त्व त्या बदलांतून उगवलें. दुखापतींची मोजदाद केली, म्हणून तो खेळ मेला नाहीं. मोजदाद केली, म्हणूनच तो जगला.

तेव्हां माझें सांगणें वाद घालूं नका असें मुळींच नाहीं. खेळाचा इतिहास कोणी सरकारी कचेरींत लिहून ठेवीत नाहीं. तो अशा वादांतच जिवंत राहतो. वीस वर्षांपूर्वींच्या जोडीचें नांव, तिच्या धुरकऱ्याची हांक, पंचाची चूक, हें सर्व आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतें, तें वादामुळेंच. परंतु वाद पुरा असावा. जिंकला कोण, निकाल बरोबर होता कीं नाहीं, या दोन प्रश्नांवर थांबूं नये. क्रिकेट पाहतांना दुखावलेल्या खांद्यानें गोलंदाजी करणाऱ्याला आपण शूर म्हणतों. त्या खांद्याचें पुढें काय झालें, हेंही एकदां विचारावें. खेळाडूला निदान तोंड आहे. बैलाला तें नाहीं. त्याच्या वतीनें बोलावयाचें, तर प्रेक्षकानेंच बोलावें लागतें. ज्या खेळाला शंकराचें नांव आहे, त्यांत धांवणारा शंकराचें वाहन आहे, एवढी आठवण पुरे.

गेल्या हिवाळ्यांत पुष्कळ वर्षांनीं मी पटाला गेलों होतों. आतां मला रेघेवर कोणी उभें करीत नाहीं; डोळे तेवढे राहिले नाहींत. मी कडेला बसलों होतों. एक धांव संपली, आणि नेहमीप्रमाणें गलका उठला : कोणाचें नाक पुढें, कोणाचें चाक बाहेर. त्या गलक्यांत माझ्या पुढें बसलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा आपल्या बापाला म्हणाला, "बाबा, तो उजवा बैल लंगडते का जी?" बापानें मान वळवून बैलाकडे पाहिलें, आणि मग पंचाकडे पाहिलें. निकाल काय लागला, तें मीं ऐकलें नाहीं. ऐकण्याची मला गरजही वाटली नाहीं.